आठवडा साडेतीन : पुन्हा पळण्याच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

फराळाचे रिकामे डबे माळ्यावर ठेवायला चढले आणि तिथे जुनी वही सापडली. वर माझ्याच अक्षरात ‘पळणे’. डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२. शेवटची ओळ अशी: ‘१७ फेब्रुवारी, गुरुवार. आठवडा ५, दिवस २. ८ पळणे, ५ चालणे, ८ पळणे. जमलं. रविवारी वीस.’

आकडे मिनिटांचे. पुढची पानं कोरी. त्या रविवारी पहाटे अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर १९ महिने घराचं वेळापत्रक त्यांच्या पलंगाभोवती फिरलं. ते जाऊनही वर्ष होऊन गेलं. तेव्हा अण्णांमुळे पळणं थांबलं हे खरं, पण गेलं वर्षभर थांबलं ते माझ्यामुळे. वहीत खोटं लिहायचं नाही, एवढं पहिल्याच पानावर ठरवून टाकते.

कार्यक्रम तोच, ‘काउच टू फाइव्ह के’. नऊ आठवडे, आठवड्याला तीन दिवस, थोडं पळायचं, थोडं चालायचं, पळण्याचा वाटा हळूहळू वाढवत शेवटी सलग ३० मिनिटं. जोश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये तो तयार केला. पन्नाशीतल्या आईला पळायला लावायचं होतं म्हणून. मी आता ४६. २०२१ मध्ये हे वाचलं तेव्हा ‘कुणाच्या तरी आईसाठी’ असं वाटलं होतं, आता ती आई फार लांबची वाटत नाही.

जागा: शाहू स्टेडियम. साताऱ्यात पळायचं म्हटलं की पहिला प्रश्न सपाटीचा. घरातून बाहेर पडलं की एक तर चढ, नाही तर उतार. यवतेश्वरचा घाट पळत चढणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी दरवर्षी हिल मॅरेथॉनही होते. त्यांना माझा दुरून नमस्कार. मला मैदान हवं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

घोडचूक. मनात हिशोब असा केला होता: मागे पाचव्या आठवड्यापर्यंत पोचलो होतो, पावणेतीन वर्षांची सूट म्हणून एक आठवडा मागे येऊ, म्हणजे चौथ्यापासून सुरुवात. दुकानदारसुद्धा याहून जास्त सूट देतो.

पहिली तीन मिनिटं कशीबशी निघाली. दीड मिनिट चालले. मग पाच मिनिटं पळायचं होतं, त्यातली दोन मिनिटं दहा सेकंद झाली आणि तोंडात लोखंडाची चव आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिले. बाकावरच्या एक आजी जवळ आल्या. “बसा बाई जरा. शुगर आहे का तुम्हाला?”

मी गणित आणि विज्ञान शिकवते, तेव्हा हे मला आधीच कळायला हवं होतं. व्यायाम सुटला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटतं. हृदयाच्या एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून तेवढ्याच कामाला ठोके जास्त लागतात. इथे तर अडीच वर्षांहून जास्त गेली. पाचवा आठवडा वहीने जपून ठेवला, पायांनी नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्तदाब ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन ११.२. बायकांना निदान १२ हवं. लोहाच्या गोळ्या दिल्या. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहाच्या आसपास नाही. सकाळी उठल्या उठल्या चहा आणि शाळेत मधल्या सुट्टीत चहा, यांच्या मधली फट शोधणं हा या प्रकल्पातला सर्वांत अवघड भाग ठरणार.

१० नोव्हेंबर, रविवार. आठवडा १, दिवस १

पाच मिनिटं भरभर चालणं. मग एक मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं, असं आठ वेळा. एकूण पळणं आठ मिनिटं.

फोनमधली इंग्रजी बाई मला नको होती. लेकीने पुण्याहून आवाजांची एक फाईल करून पाठवली: चालायचं असेल तेव्हा एकदा टण, पळायचं असेल तेव्हा दोनदा टणटण. कल्पना अण्णांची. ते एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. २०२१ मध्ये मी वहीतून ‘पळा, चाला’ वाचत असताना ते ओट्यावरून म्हणाले होते, “एवढं काय वाचतेस? सिंगल बेल थांब, डबल बेल चल. अख्खं खातं त्याच्यावर चालतं.”

वेगाचं मोजमापही ठरवलं. पळताना बोलता आलं पाहिजे, असं सगळीकडे सांगतात. एकटीने काय बोलणार? म्हणून पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर. आज पहिल्या मिनिटाला एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी इथेच श्वास संपला. वेग कमी केला. शेजारून चालणारे एक आजोबा मला मागे टाकून गेले. पण एकशे पंचेचाळीसपर्यंत गेले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. आठवडा १, दिवस ३

सहाव्या मिनिटाला उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. पुढची दोन मिनिटं फटक फटक असा आवाज करत पुरी केली. कबुतरं उडाली.

बूट २०२१ चेच, जेमतेम दोन महिने वापरलेले, वरून कोरे करकरीत. पण नुसतं ठेवूनही डिंक सुकतो, तळाचा फोम मरतो. पोवई नाक्याजवळच्या मोचीकाकांनी अंगठ्याने तळ दाबून बघितला. “शिवून देतो मॅडम, पण बाजारला घालून जा. ह्यात काय राम न्हाई आता.”

संध्याकाळी नवे घेतले, ३,८०० रुपये. बूट संध्याकाळीच घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवली. दुकानातला मुलगा गुलाबीच दाखवत होता. मी करडे आणले.

१७ नोव्हेंबर, रविवार. आठवडा २, दिवस १

दीड मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, सहा वेळा. एकूण नऊ मिनिटं. पाढा एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

निवडणुकीची ड्युटी. १९ ला साहित्य ताब्यात घेतलं, एसटीने गावात गेलो, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलो. २० ला पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, सातला खरं सुरू, सहाला संपलं. सीलबंद यंत्रं जमा करून घरी यायला मध्यरात्र उलटली. बूट पिशवीत नेले होते. चेनसुद्धा उघडली नाही.

मंगळवार गेला, आज गुरुवारही गेला. जुन्या वहीत अशा दिवसांपुढे मी ‘चुकलं’ असं लाल शाईने लिहीत असे. सलग तीन ‘चुकलं’ दिसले की चौथ्या दिवशी उठायचा हुरूपच जायचा. या वहीत ‘ड्युटी’ एवढंच लिहिलं, निळ्या शाईने.

२४ नोव्हेंबर, रविवार. आठवडा २, दिवस १ (पुन्हा)

खंड पडला तर काय करायचं, याचा माझ्यापुरता नियम केला. आठवडाभराचा खंड असेल तर चालू आठवडा पहिल्या दिवसापासून. दोन आठवड्यांचा असेल तर एक आठवडा मागे. महिन्याच्या वर गेला तर पाटी पुसून पहिल्यापासून. हा नियम ७ तारखेला केला असता तर त्या आजींना माझ्या साखरेची काळजी करावी लागली नसती.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. आठवडा ३, दिवस १

दीड पळणं, दीड चालणं, तीन पळणं, तीन चालणं. हे दोनदा. ७ तारखेला याच तीन मिनिटांनी घाम काढला होता, आज एकोणतीसचा पाढा दोनशे नव्वदपर्यंत पुरा झाला. तीनच आठवड्यांत एवढा फरक पाहून हरखले. रक्तातलं पाणी जसं लवकर जातं तसं लवकर परतही येतं.

३ डिसेंबर, मंगळवार. आठवडा ३, दिवस ३

वादळ तिकडे पुदुच्चेरीला आणि ढग इकडे. थंडी गायब, घाम चिकट. तरी सहज झालं. इतकं सहज की घरी येऊन ह्यांना म्हटलं, जूनमध्ये कुठल्या तरी दहा किलोमीटरला नाव घालू का? ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, “आधी जानेवारी येऊ दे का?”

५ डिसेंबर, गुरुवार. आठवडा ४, दिवस १

तीन, पाच, तीन, पाच. मधे दीड, अडीच, दीड चालणं. दम पुरला. शेवटच्या पाचात तर वेगही वाढवला. डाव्या नडगीत आतल्या बाजूने काहीतरी ओढल्यासारखं वाटलं, लक्ष दिलं नाही.

८ डिसेंबर, रविवार. आठवडा ४, दिवस २, अर्धवट

लक्ष द्यावं लागलं. दुसऱ्या पाचाच्या सुरुवातीलाच नडगी ठणकायला लागली. सिंगल बेल व्हायच्या आधीच थांबले.

९ डिसेंबर, सोमवार

नववीच्या चाचणीचे पेपर तपासायचे सोडून जुनी वही तपासली. २०२२ मध्ये याच ठिकाणी काय लिहिलं होतं? सापडलं: ‘१ फेब्रुवारी. आठवडा ४, दिवस १. डावी नडगी दुखतेय. बाम लावला.’ पुढच्या दोन नोंदी नुसत्या बामाच्या. म्हणजे पाय तोच, दुखणं तेच, आठवडाही तोच.

मग गणिताच्या बाईने करायला हवं होतं ते केलं. चालण्याची मिनिटं बाजूला काढून प्रत्येक दिवशी नुसतं पळणं किती होतं, ते मांडलं. पहिला आठवडा ८ मिनिटं. दुसरा ९. तिसरा, दीड आणि तीन दोनदा, पुन्हा ९. चौथा, तीन आणि पाच दोनदा, १६.

नवावरून एकदम सोळा! पाऊणपटीहून जास्त वाढ, तीही एका उडीत. पाचव्या आठवड्यात १५, १६ आणि मग ते प्रसिद्ध सलग २०. ज्याला त्याला धास्ती त्या विसाची, मलाही होती. १७ फेब्रुवारीच्या ओळीत ‘रविवारी वीस’ खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. पण सोळावरून वीस म्हणजे फक्त चार मिनिटं. खरी उडी आधीच होऊन गेलेली असते, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती तीन-तीन पाच-पाचच्या तुकड्यांत लपलेली असते. मीही दोनदा तिच्यावरून गेले आणि दोन्हीदा दोष नडगीला दिला.

पहिल्यांदा पळणाऱ्यापेक्षा परत येणाऱ्याला हा खड्डा जास्त खोल असणार, असं माझं मत. नवख्याला दमच पुरत नाही, त्यामुळे तो आपोआप जपून पळतो. परत येणाऱ्याचा दम पटकन परततो आणि त्याला वाटतं, पायही परतले.

१२ डिसेंबर, गुरुवार

हाडांच्या डॉक्टरांनी नडगीच्या आतल्या कडेवर बोटाने दाबत वरून खाली तपासलं. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी कळ आली असती तर हाड चिरल्याची शंका. माझं दुखणं वीतभर पसरलेलं. एका पायावर उड्या मारायला लावल्या, मारता आल्या. म्हणजे हाडाच्या कडेला, स्नायू जिथे चिकटतात तिथे सूज. पळणं बंद, चालणं चालू. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली सोडायच्या, पंधराचे तीन संच, रोज. बामाचं नावही त्यांनी काढलं नाही.

हाडाची गंमत अशी की नवा भार आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. पोखरणं आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड उलट थोडं कच्चं असतं. घराच्या दुरुस्तीसारखंच, जुनं प्लास्टर एका दिवसात पडतं आणि नव्याला गवंडी येत नाही. नेमकी या कच्च्या काळातच माणसाला वाटतं, आता आपण तयार झालो.

१७ डिसेंबर, मंगळवार. आठवडा साडेतीन, दिवस १

हा आठवडा मूळ कार्यक्रमात नाही, मी घातला. तीन मिनिटं पळणं, दोन चालणं, चार वेळा. एकूण १२ मिनिटं. नऊ आणि सोळा यांच्या मधली पायरी. तीही एक नाही, दोन आठवडे करायची.

लेकीला नवी फाईल मागितली. तिने विचारलं, “साडेतीन असतो का आई?” म्हटलं, तुझ्या आजोबांच्या गाडीला विनंती थांबा असायचा, तसा.

२२ डिसेंबर, रविवार. आठवडा साडेतीन, दिवस ३

कडाक्याची थंडी. श्वासाची वाफ दिसते. ऊसवाल्या ट्रॅक्टरमागे अडकल्याने पोचायला उशीर झाला.

मैदानावर दहावीतली एक विद्यार्थिनी भेटली. माण तालुक्याकडची, इथे मामाकडे राहते, जिल्हास्तरावर ८०० मीटर पळते. मला पाहून तिला हसू आवरेना, पण मुलगी धीट. दोन फेऱ्या पाहून म्हणाली, “मॅडम, तुमी पाय लई लांब टाकताय. टाच फुडं आपटती. बारकी पावलं टाका, पटापटा.”

करून बघितलं. पाऊल अंगाच्या खालीच पडायला लागलं आणि धप्प धप्प आवाज थांबला. इतकी वर्षं ‘पायरी पायरीने सोडवा’ असं या पोरांना सांगते, आज तेच मला ऐकावं लागलं. तिला विचारलं, हे कुणी शिकवलं? तर म्हणे, “आमच्याकडं सगळी पोरं पळत्यात मॅडम. ललिता बाबर मोहीच्याच की.” खरंच. माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी २०१६ मध्ये रिओला ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली, दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली पी. टी. उषानंतरची पहिली भारतीय बाई, मध्ये ३२ वर्षं गेलेली. मी तेव्हा वर्गात तिचं कात्रण लावलं होतं. स्वतःच्या पायांशी त्याचा काही संबंध जोडावा असं तेव्हा सुचलं नव्हतं.

२९ डिसेंबर, रविवार

साडेतीनचे सहा दिवस पूर्ण. स्नेहसंमेलन असूनही एकही चुकला नाही. नडगी गप्प. टाचा रोज, ओट्याच्या पायरीवर.

५ जानेवारी २०२५, रविवार. आठवडा ४, दिवस ३

३१ ला पहिला, २ ला दुसरा, आज तिसरा. सोळा मिनिटं. दुखलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, यासाठीच तर तीन आठवडे घालवले. हिमोग्लोबिन पुन्हा तपासलं, १२.१. चहा आता साडेसातला.

९ जानेवारी, गुरुवार. आठवडा ५, दिवस २

आठ, पाच, आठ. जुनी वही इथे संपते. पळताना सारखं वाटत होतं की शेवटच्या पानावर पाय पडतोय. दुसऱ्या आठात पाचव्या मिनिटाला एकोणतीसचा पाढा विसरले आणि चुकून एकोणिसाचा सुरू केला.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दारातच विचारलं, “आज किती?” आधी हा प्रश्न अण्णा विचारायचे. मी “सोळा” म्हटलं, त्या “बरं” म्हणून आत गेल्या.

१२ जानेवारी, रविवार. आठवडा ५, दिवस ३

आज फाईलमध्ये चालणं संपल्यावर एक डबल बेल आणि मग वीस मिनिटं काहीच नाही.

पहिली पाच मिनिटं जाणूनबुजून इतकी हळू की मलाच लाज वाटावी. सातव्या-आठव्याला तेच आजोबा दिसले, त्यांच्या पुढे जाता आलं, पण ते थांबून बूट बांधत होते म्हणून. अकराव्या मिनिटाला अजिंक्यताऱ्याच्या मागे आकाश पांढुरलं. तेराव्याला पोटात डाव्या बाजूला कळ आली. वेग आणखी उतरवला, श्वास लांब सोडला, दीड फेरीत गेली. सोळा कधी ओलांडले कळलं नाही. सतराव्याला मात्र फोन बंद पडला की काय अशी शंका आली आणि पुढची तीन मिनिटं मी त्याच शंकेवर काढली. थांबावं तर बेल नाही, बघावं तर फोन कमरेच्या पिशवीत.

टण.

चालायला लागले तेव्हा पाय थरथरत होते, पण नडगी नाही.

घरी आल्यावर जुनी वही काढली. ‘रविवारी वीस’ या ओळीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि खाली तारीख घातली: १२/१/२५. उशिरा जमा केलेल्या गृहपाठाला मी करते तशी.

१४ जानेवारी, मंगळवार. आठवडा ६, दिवस १

पाच, तीन चालणं, आठ, तीन चालणं, पाच. एकूण १८, परवापेक्षा कमी, तरी जड गेलं. पुन्हा पुन्हा थांबून सुरू करणं सलग पळण्यापेक्षा अवघड असतं, हे आज कळलं. शिवाय काल भोगीची बाजरीची भाकरी आणि लोणी जरा जास्त झालं होतं.

येत्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. आमच्या शाळेतले पीटीचे सर जाणार आहेत. स्टाफरूममध्ये त्यांना तिळगूळ देताना विचारलं, बेचाळीस किलोमीटरला तुम्ही किती वेळ घेता? सांगितलं त्यांनी, आणि मग विचारलं, “मॅडम, तुमचं कुठपर्यंत आलं?”

“सहावा आठवडा,” मी म्हटलं. मग बोटांवर मोजून दुरुस्त केलं, “कॅलेंडरवर दहावा.”

गुरुवारी दहा, तीन, दहा. टाचा आज राहिल्यात, झोपण्याआधी करायच्या.